उगी, उगी

वृद्धाश्रमांतली सगळी कामं यंत्रांकडे गेली आणि माणसांसाठी तिथे एकच नोकरी उरली, रडायची. माणसाने रडायचं आणि समजूत कशी काढायची ते यंत्राने शिकायचं.

आज त्या नोकरीसाठी निवड होती. जन्मभर म्हाताऱ्या माणसांना सांभाळलेल्या शेवंताताई बाकावर बसल्या होत्या.

"कांदा आणलाय का, ताई?" शेजारच्या मालनने विचारलं आणि दोघी खुदकन हसल्या.

मालनला आधी बोलावलं. यंत्रासमोर आईबद्दल बोलता बोलता ती खरंच हुंदके द्यायला लागली. यंत्र नुसतंच बघत राहिलं. शेवंताताईंना काही बसवेना. त्या उठल्या आणि मालनच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उगी, उगी गं बाय."

मालन शांत झाली.

"झालं," निवड करणारे साहेब म्हणाले. "यंत्राला एवढंच येत नव्हतं. आता रडणारं कुणी नको. दोघीही निघा."

मालन शेवंताताईंकडे न बघताच निघून गेली. शेवंताताई पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. तेवढ्यात दारातलं यंत्र त्यांच्याकडे वळलं.

"उगी, उगी गं बाय," ते म्हणालं, अगदी त्यांच्याच आवाजात.