सीचं घर, एचं घर

"विनोद सर, लोक म्हंत्यात तुम्हाला ऐकू येत न्हाई. खरं हाय का?"

संस्थेचे शंकरराव भर वर्गात विचारत होते. विनोदनं प्रश्न त्यांच्या ओठांवरून वाचला आणि हसून मान हलवली.

"काहीतरीच काय! बसा, शिकवणं बघा."

दिवाळीपासून त्याचे दोन्ही कान गेल्यातच जमा होते. हे फक्त बायकोला, करुणाला ठाऊक होतं. यवतमधला हा वर्ग सुटला, तर बहिऱ्या संगीतशिक्षकाला दुसरा कोण देणार?

आठ पोरं कीबोर्डभोवती कोंडाळं करून उभी होती. विनोदनं पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. बोटांना वाट पाठ होती, कानांत मात्र नुसती पोकळी.

"सी या सुरापासून निघालो, सी-वर परतलो. हा सी मेजर. आता पट्ट्या त्याच, एकही बदलायची नाही. फक्त ए या सुरापासून निघायचं आणि मुक्कामही ए-वरच करायचा. घर बदललं की चाल उदास होते. हा ए मायनर. दोघांचे सूर तेच, घरं निराळी."

"कळलं का रं कुणाला?" शंकररावांनी विचारलं. पोरांनी नकारार्थी माना हलवल्या.

विनोदनं हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले. "न सांगता वाजवतो. ओळखा."

तेवढ्यात शंकररावांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि ते बाहेर हायवेकडं गेले. विनोदनं एक संथ चाल धरली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बोट चुकलं की काय? त्यानं चाल पुन्हा पहिल्यापासून वाजवली. समोरची अंकिता कपाळाला आठ्या घालून त्याच्या बोटांकडं एकटक बघत होती.

शंकरराव दारात परतले.

"सांगा," विनोद घाईनं म्हणाला, "मेजर की मायनर?"

आधी अंकिताचे ओठ हलले. मग सगळ्यांचे, एकदम. मायनर.

"बरोबर हाय का, सर?" शंकररावांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग चालू द्या तुमचं." शंकरराव समाधानानं निघून गेले.

विनोद मटकन स्टुलावर बसला. अंकिता पुढं आली. त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"सर, लाईट मघाशीच गेलीय. कीबोर्ड वाजतच नव्हता. पण तुम्ही ए-वर थांबला, ते आम्हाला दिसलं."