गुरुवारचा जादा तास

"विषयशिक्षकाने कच्ची म्हटलं की खेळाडू मैदानाबाहेर. नियम म्हणजे नियम," गणिताच्या मॅडम म्हणाल्या. "स्पर्धेत पळायचं असेल तर दर गुरुवारी जादा तास. आणि तासाला खेळाचे सर हजर पाहिजेत, हेही नियमातच आहे."

"राहीन की हजर," खेळाचे सर म्हणाले आणि उगाचच खाकरले.

शेजारी वावटळ उभी होती, ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून. कॉलेजची सगळ्यात वेगवान धावपटू. सरांनीच तिला हे नाव दिलं होतं. पोरांच्या पायांतलं सरांना सगळं कळे, पण कुणाचे मार्क त्यांनी जन्मात विचारले नव्हते. स्पर्धा तोंडावर आणि हिचं गणित कच्चं! त्यांनी कपाळाला हात लावला. मनातून मात्र गुदगुल्या होत होत्या.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मॅडमनी लग्नच केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये समोरासमोर बसूनही सरांची मजल 'आज उकडतंय'च्या पुढे गेली नव्हती. एका हाकेत अख्खं मैदान सरळ करणारा हा माणूस मॅडमसमोर पार शेळी व्हायचा.

गुरुवार सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा वर्ग. मॅडम फळा भरून टाकत. मागच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसलेल्या सरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे.

"आमच्या वेळी गणितात निदान आकडे तरी असायचे," ते एकदा म्हणाले.

मॅडम खळखळून हसल्या. सरांचा पुढचा आठवडा त्या हसण्यावर निघाला.

वावटळ कधी काही विचारत नसे. भराभर लिहायची, वही पुढे सरकवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

"हिच्या डोक्यात शिरतंय ना?" सर काळजीने विचारत.

"बघू. पुढच्या गुरुवारी या," मॅडम म्हणत.

पोरीने पळावं असं सरांना मनापासून वाटे. पण ती गणितात सुटली की गुरुवारही सुटले, हे आत कुठेतरी टोचत राही. वर्ष संपताच त्यांची लांबच्या कॉलेजात बदली होणार होती. बोलायचं तर आत्ताच. पण धीर होत नव्हता.

स्पर्धेआधीच्या शेवटच्या गुरुवारी मॅडमनी खडू खाली ठेवला. "झाली पक्की. पळू दे तिला."

"फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले?" मॅडमनी फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

सर दारात घुटमळले. "आज... उकडतंय, नाही?"

"हो," मॅडम मागे न वळता म्हणाल्या.

जिना उतरताना सरांना भरून आलं. ते लपवायला त्यांनी वावटळीच्या पाठीवर थाप मारली. "सुटलीस एकदाची! गेली गणिताची कटकट."

वावटळ पायरीवरच थांबली.

"सर, एक सांगू? चिडणार नाही ना?"

"बोल."

"गणितात मी वर्गात पहिली असते. मॅडम शिकवत होत्या ते सगळं पुढच्या वर्षाचं होतं. थोडे दिवस कच्ची म्हणवून घेशील का, असं त्यांनीच मला विचारलं. म्हणाल्या, त्याशिवाय तुझे सर काही तिसरा मजला चढायचे नाहीत."