सांताक्रूझहून पंचावन्न मिनिटं

"पंचावन्न मिनिटांचं विमान. बाईसाहेबांना तीन वर्षं लागली," उसाचे दांडे टेबलाच्या पायांना बांधता बांधता विल्फ्रेडो बहिणीबद्दल पुटपुटला. हळूच, पण आईला ऐकू जाईल इतपत.

आई, जिला सगळे मानाने दोन्या एउसेबिया म्हणत, टेबल मांडत होती. काळ्या कापडावरचे पाव तिने पुन्हा हलवले. माणसाच्या चेहऱ्याचे डावीकडे, शिडीच्या आकाराचे उजवीकडे. मग पुन्हा उलट. सकाळपासून ही चौथी खेप.

बाराला वीस मिनिटं होती. वर्षातून एकदा, या दिवशी, मेलेलं माणूस बाराच्या ठोक्याला घरी येतं, दिवसभर पाहुणचार घेतं आणि दुसऱ्या दुपारी निघतं. बापासाठी मांडलेलं हे तिसरं टेबल, म्हणजे शेवटचं; मेलेल्यासाठी तीन वर्षंच मांडायचं असतं. आधीच्या दोन्ही वर्षी, खाली मैदानातल्या सांताक्रूझला राहणारी बहीण नेलिदा आली नव्हती. उंच पठारावरच्या एल आल्तोच्या पत्र्यांवरून विमान गेलं की आई दाराशी जाई, रस्ता बघे, परत येई आणि पावांना हात लावी.

बाराला दहा कमी असताना नेलिदा आली. दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. सांताक्रूझच्या सखल उकाड्यात राहून इथल्या विरळ हवेची तिची सवयच मोडली होती.

"धापा बघा," विल्फ्रेडो म्हणाला. "पाहुण्या आल्यात. कोकाच्या पानांचा चहा द्या कुणीतरी, दम बसेल."

"तूच दे. एवढे दोन ऊस बांधायला सकाळ गेली वाटतं तुझी."

तो हसला नाही. "बाबा नऊ दिवस अंथरुणावर होते, नेलिदा. ओठ जांभळे पडलेले. आई रोज तुला फोन लावत होती. दिवसाला पाच-पाच विमानं आहेत तिकडून. तू आलीस ती माती टाकून झाल्यावर."

"कोंबड्यांच्या कारखान्यात कामावर फोन काढून घेतात. सांगितलंय मी तुला," नेलिदा म्हणाली. भावाकडे न बघता ती बापाच्या टेबलासाठी आणलेल्या कांद्याच्या पाती फुलदाणीत खोचू लागली.

"नऊच्या नऊ दिवस?"

"हो. नऊच्या नऊ दिवस."

चर्चची घंटा झाली. दोघं बसली. पहिली प्रार्थना आईने म्हणायची होती. ती उभीच राहिली. टेबलाच्या टोकाला बापासाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे तिने पाहिलं, शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आई, सुरू कर," विल्फ्रेडो म्हणाला. "ते आले असतील."

"आलेत म्हणूनच," आई म्हणाली. "त्यांच्यासमोर नाही जमायचं मला. विल्फ्रेडो, मी हिला फोन केलाच नव्हता. एकदाही नाही. तीन वर्षं ही माझं खोटं झाकतेय."

नेलिदाने मान वर केली नाही.

"का, आई?" विल्फ्रेडोचा आवाज एकदम लहान झाला.

"डॉक्टर म्हणाले होते, यांना आजच्या आज खाली न्या, खालच्या हवेत जगतील. हिला कळलं असतं तर ही पुढच्याच विमानाने त्यांना घेऊन गेली असती." आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "आणि खाली गेलेलं माझं माणूस परत राहायला येत नाही, हे मी हिच्या वेळी एकदा बघितलं होतं."