वीतभर जागा

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन सांगतो, आमच्या दादाची गोष्ट आहे.

दादाने गाडी इतकी खाली बसवून घेतली होती, की तिच्याखाली जॅकसुद्धा शिरत नसे. म्हणून तो आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवायचा, मग जॅक लावायचा, आणि सगळा भार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर टाकून गाडी दोनदा हलवून बघायचा. त्या दुपारीही त्याने सगळं तसंच केलं आणि तेल कुठून गळतंय ते बघायला आत सरकला.

"गाडीला जमिनीवर लोळवलंत, आता स्वतः लोळा," वहिनी हसत म्हणाली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, गाडी खाली येतेय."

मी वाकून पाहिलं. घोड्या जागच्या हलल्या नव्हत्या. दादाच्या छातीवर चांगली वीतभर जागा मोकळी होती.

"काही येत नाहीये, दादा. ये बाहेर."

"कसा येऊ? छातीला टेकलीय."

आम्ही दोघांनी त्याचे पाय धरून ओढले. तो तसूभरही हलला नाही. मी जॅक मारून गाडी आणखी वर घेतली, तसा तो कळवळला, "नको रे, अजून दाबतोयस!"

वहिनीने त्या मोकळ्या जागेत हात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

"भावजी, माझा हात निघत नाहीये."

जॅकचा दांडा माझ्या हातात होता. वर घ्यावा की सोडावा, काही कळेना.

माउलींनो, आज हात जोडाल तेव्हा त्या दोघांची आठवण ठेवा.