तेच चार शब्द

हरवलेल्या माणसांच्या कार्यालयात इंजिनीअरने शोधाचा सर्व्हर अपग्रेड केला आणि जुने पासवर्ड चालेनासे झाले. पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा आला.

"माझ्या लेकीसाठी अकरा वर्षं रोज चहाआधी तेच चार शब्द टाकून बघतो. निळा स्वेटर, भाजलेलं मनगट. सापडत काही नाही, पण बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. तेवढं सुरू करून द्या."

"फोन ठेवू नका, काका."

फायरवॉलमध्ये अडकलेला रस्ता त्याने मोकळा केला, मास्तरांचं खातं नव्याने जोडलं आणि चालतंय का बघायला त्यांचेच चार शब्द टाकले. जुना सर्व्हर फक्त टाइप केलेल्या नोंदी वाचायचा. नवा मात्र स्कॅन केलेल्या, हाताने लिहिलेल्या वह्याही वाचत होता.

एकच नोंद आली. अकरा वर्षांपूर्वीची, बेवारस मृतदेहांच्या वहीतली.

"झालं का हो सुरू?" मास्तरांनी विचारलं.

 

त्याने खातं पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "नाही काका, आज काही जमेलसं दिसत नाही. आजचा चहा तसाच घ्या."