कढीखालचा गॅस

जालंधरच्या स्वयंपाकघरात कढी खदखदू लागली आणि कुमुदताईंचा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला.

विहीणबाईंनी तो अलगद धरला. "अभी नहीं, भैणजी. हमारी कढी घंटाभर उबलती है. नहीं तो बेसन कच्चा रह जाता है."

कुमुदताईंनी हात मागे घेतला. पुण्याला हरलीन, त्यांची सून, हौसेने ही कढी करायला घ्यायची. उकळली की कढी फुटते, हे कुमुदताईंच्या डोक्यात पक्कं; त्या येता-जाता गॅस बंद करायच्या. आणि जेवताना सगळ्यांदेखत त्याच म्हणायच्या, "बेसन कच्चंच लागतंय गं तुझ्या कढीत." पोरीने कधी उलट उत्तर दिलं नाही. फक्त कढी करणं सोडलं.

आता बाळंतपणाला माहेरी आलेल्या तिला त्याच कढीचे डोहाळे लागले होते, म्हणून कुमुदताई इथे शिकायला उभ्या होत्या.

वासाने हरलीन आत आली. शेगडीपाशी सासूला पाहताच लगबगीने पुढे होऊन तिने आपल्या आईच्या घरचा गॅस बंद केला.

"चुकलं, आई," ती कुमुदताईंना म्हणाली. "तुम्हाला उकळलेली चालत नाही, हे मम्मीला सांगायचंच राहिलं."