ज्योत विझत होती

साठ अंशांपर्यंत तापवूनही पेल्यातल्या नमुन्यानं पेट घेतला नाही. प्रयोगशाळेत निरुपमा दर दोन अंशांनी झाकणाची खिडकी उघडून इवलीशी ज्योत आत नेत होती आणि मेली ती दर वेळी विझत होती. "गॅसच कमी येतोय," म्हणत तिनं ती पुन्हा पुन्हा पेटवली.

मंगल कार्यालयाचे धोंडगे बाहेर बसले होते. तपासायला आणलेलं, तेलकट कढया साफ करायचं हे स्वस्तातलं लिक्विड स्वयंपाकघरात चालेल का, एवढंच त्यांना हवं होतं. "बिनधास्त घ्या, पेटत नाही," निरुपमानं सांगितलं. निघतानाच त्यांनी ड्रम मागवला.

दुपारी पेला विसळताना तिचा हात थांबला. ज्योत गॅसमुळे विझत नव्हती. पेल्यात वाफच इतकी कोंडली होती, की जळायला हवा उरली नव्हती. वाफ कमी व्हावी म्हणून तिनं उरलेला नमुना बर्फात गार केला. पहिल्याच ज्योतीला, दहा अंशांवर, निळा भपका उठला.

तिनं फोन लावला.

"मॅडम, ड्रम उघडलासुद्धा! बायका कढया घासायला बसल्यात."

"अहो, आधी सगळ्या शेगड्या बंद करा!" ती किंचाळली. "मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या."